आठ सेकंदांत वच्छलाबाई

बोरसावळीच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात माणूस खोकला घेऊन यायचा आणि डोकेदुखी घेऊन परत जायचा. ही डोकेदुखी देण्याचं काम सरकारने इंद्रभान तायडे याच्याकडे सोपवलं होतं. खिडकीच्या आत इंद्रभान, खिडकीबाहेर रांग, आणि मधे कॉम्प्युटरच्या पडद्यावर गोल गोल फिरणारं चक्र. पेशंटचा मोबाईल नंबर टाकायचा, बटण दाबायचं आणि चक्राकडे बघत बसायचं. पेशंटचं नाव पडद्यावर उमटायला सरासरी एकोणीस मिनिटं लागत. एवढ्या वेळात बोरसावळीचा माणूस घरी जाऊन चहा पिऊन, बायकोशी भांडून परत रांगेत येऊ शकतो. बरेच जण येतही.

तापखोकल्याचं एक बरं होतं. हाताने लिहिलेल्या केस पेपरवर औषध मिळे आणि ऑनलाइन नोंद मागून सावकाश होई. पण बीपी-शुगरच्या नेहमीच्या गोळ्यांना आधी नोंद, मग गोळी, असा नियम होता. म्हणून एकाहत्तर वर्षांच्या वच्छलाबाई खराटे दर मंगळवारी सकाळी नऊला पहिला नंबर लावत. त्यांचं घर केंद्राच्या भिंतीला लागूनच होतं, तरी गोळ्या हाती पडायला त्यांना कधी दोन फेऱ्या पडत, कधी चार. डोळ्यांत मोतीबिंदू पिकलेला. त्याच्या ऑपरेशनची नोंदसुद्धा दोन वर्षं त्या चक्रातच फिरत होती. इंद्रभान घरी आणि मित्रांत अस्सल वऱ्हाडी बोले, पण खिडकीत बसला की त्याची भाषा सुटाबुटात येई. "आजी, सर्व्हर डाऊन आहे. उद्या या," तो म्हणे, आणि आजी वळल्या की आपुलकीने पुढे जोडी, "उद्या जरा लवकर या. गर्दी राहते."

असं सगळं सुरळीत चाललं असताना फेब्रुवारीत वरच्या ऑफिसातून परिपत्रक आलं. हे वरचं ऑफिस कोणतं, ते मी सांगणार नाही. इंद्रभानची नोकरी अजून चालू आहे. परिपत्रकाची भाषा गोड होती. ज्या केंद्राची सरासरी नोंदणी-वेळ एकतीस मार्च रोजी पाच मिनिटांपेक्षा अधिक आढळेल, तेथील कंत्राटी डेटा एन्ट्री ऑपरेटरच्या करारास मुदतवाढ देण्यात येणार नाही. इंद्रभान अकरा महिन्यांच्या करारावर होता आणि ते अकरा महिने गेली चौदा वर्षं चालू होते. दर वेळी करार संपला की तो एक दिवस बेकार होई आणि दुसऱ्या दिवशी नव्या उत्साहाने रुजू होई. त्याची बायको धम्मशीला नांदुऱ्याच्या शाळेत कायम शिक्षिका होती. त्यामुळे घरात शेवटचा शब्द कायम कर्मचाऱ्याचा असे आणि कंत्राटी कर्मचारी बाजार आणून देई.

"म्हणजे एक एप्रिलपासून तुम्ही घरी?" धम्मशीलाने परिपत्रक वाचून विचारलं.

"तसं नाई म्हटलं त्याइनं," इंद्रभान म्हणाला.

"तसंच म्हटलं आहे. शेवटची ओळ वाचा. आणि घरी बसानच तर सांगून ठेवते, सकाळचं पानी पाच वाजता येते."

इंद्रभानच्या स्वाभिमानाला हे फार लागलं. नोकरी गेली तर माणूस गावाला तोंड देईल, पण पहाटे पाचला नळाखाली बादली घेऊन उभं राहायचं आणि शेजारच्या नारायणरावांनी गॅलरीतून विचारायचं, "काय तायडे, आता फुरसतच फुरसत?" हे त्याला जमणार नव्हतं.

नारायणराव टेलिफोन खात्यातून निवृत्त झालेले होते आणि जगातला कुठलाही बिघाड अर्थिंगमुळे होतो यावर त्यांची श्रद्धा होती. पुतण्याचं लग्न मोडलं तेव्हाही त्यांनी आधी त्या घराची अर्थिंग बघितली होती म्हणतात. "तायडे, सर्व्हर-फर्व्हर काही नसते," ते म्हणाले. "तुमच्या दवाखान्याची अर्थिंग सुकली. रोज सकाळी खड्ड्यात दोन बादल्या मिठाचं पानी टाका. आठ दिवसांत कॉम्प्युटर नाही पळाला तर माझं नाव बदला."

इंद्रभानने आठ दिवस मिठाचं पाणी टाकलं. कॉम्प्युटर पळाला नाही. खड्ड्याशेजारचं मेंदीचं कुंपण मात्र वाळून कोळ झालं. ते कुंपण केंद्राच्या डॉक्टर सारिका मॅडमनी 'हरित केंद्र' योजनेत स्वतःच्या हाताने लावलं होतं आणि त्याचे फोटो वर गेलेले होते. मॅडमनी लेखी खुलासा मागितला. इंद्रभानने "उन्हाची तीव्रता" असा खुलासा दिला. फेब्रुवारी महिना होता, तरी तो मान्य झाला.

मग वच्छलाबाईंचे यजमान शेषराव यांनी रांगेतूनच रोग ओळखला. "थ्या डब्ब्याले हवा लागत नाई," ते म्हणाले. "मानूस जरी असा कोपऱ्यात कोंबला तरी थो बी हळूच बोलन." आणि त्यांनी घरचा टेबलफॅन आणून खिडकीत ठेवला. फॅनने कॉम्प्युटरला हवा लागली की नाही ठाऊक नाही, पण त्या दिवशीचे बेचाळीस केस पेपर आवारभर उडाले. गावातली पोरंसोरं ते गोळा करून देत होती आणि कोणाला कोणता आजार आहे ते मोठ्याने वाचत होती.

शेवटी इंद्रभानने सनदशीर मार्ग धरला आणि नेट अत्यंत मंद असल्याचं पत्र वरच्या ऑफिसला लिहिलं. बारा दिवसांनी उत्तर आलं: नेटसंबंधीच्या तक्रारी फक्त ऑनलाइन स्वीकारल्या जातात. तक्रारीचा फॉर्म भरायला चाळीस मिनिटं लागत आणि तीस मिनिटं झाली की तो आपोआप बंद होई. एका दुपारी, देव जाणे कसा, तो गेला. मग एक इंजिनिअर आला, त्याने कॉम्प्युटरसोबत स्वतःचा फोटो काढला, "नेट तर आहे," असं म्हणाला आणि शेरा मारून निघून गेला. तक्रार निकाली निघाली.

मार्च उजाडला. सरासरी एकोणीसवरून वीसवर गेली होती.

अशा वेळी इंद्रभानचा पुतण्या धम्मदीप मलकापूरला एका लग्नासाठी आला. धम्मदीप पुण्यात दवाखान्यांच्याच सॉफ्टवेअरचा वेग वाढवायचं काम करतो, हे इंद्रभानला चार वर्षांपासून माहीत होतं. पण स्वतःच्या पुतण्याला काही विचारायचं म्हणजे काकाने खाली उतरायचं, आणि त्यापेक्षा मिठाचं पाणी परवडलं. शेवटी धम्मशीलानेच परस्पर फोन केला. धम्मदीप लग्नाच्या दुसऱ्या दिवशी लॅपटॉप घेऊन बोरसावळीला हजर झाला.

त्याने पाच मिनिटं चक्र बघितलं आणि म्हणाला, "काका, हे दर वेळी माणसाची सगळी माहिती लांबच्या सर्व्हरवरून आणते. कालच आणलेली असली तरी आज पुन्हा आणते. काकू स्वयंपाक करताना चिमूटभर हळदीसाठी दर वेळी माळ्यावर चढतात का? मिसळणाचा डबा चुलीजवळ असतो ना?"

"असते."

"तेच करायचं. एकदा आणलेली माहिती इथेच, तुमच्या कॉम्प्युटरमध्ये ठेवून द्यायची. पुढच्या वेळी तोच पेशंट आला की इथूनच दाखवायची. याला डेटा कॅशिंग म्हणतात. आता फक्त एक सांगा. पेशंट ओळखायचा कशावरून? अशी कोणती गोष्ट आहे, जी एकाची एकच असते?"

इथे थोडं थांबून बेबीताईंबद्दल सांगितलं पाहिजे. बेबीताई बोरसावळीच्या आशाताई. पोर्टल आलं तेव्हा प्रत्येक पेशंटच्या मोबाईलवर ओटीपी येणार आणि तो सांगितल्याशिवाय नोंद होणार नाही, असा नियम आला. आता बोरसावळीत मोबाईल होते. पण कोणाचा घरी, कोणाचा शेतात गेलेल्या पोराच्या खिशात, कोणाचा रिचार्जविना आडवा पडलेला. आणि बँकवाल्यांनी गावात येऊन ओटीपी कोणालाही सांगू नका असं इतकं बजावलं होतं, की म्हाताऱ्या माणसांनी तो नवऱ्यालाही सांगायचं सोडलं होतं. तेव्हा बेबीताई म्हणाल्या, "भाऊ, माहाच नंबर टाका, मी हाओ ना इथी." झालं. पहिल्या दिवशी अडचण म्हणून टाकला, दुसऱ्या दिवशी सोय म्हणून टाकला, आणि तिसऱ्या दिवसापासून ती कार्यपद्धती झाली. पाच वर्षांत बोरसावळीचे यच्चयावत पेशंट बेबीताईंच्या नंबरावर चढले. इंद्रभानची बोटं तो नंबर झोपेतही टाईप करत. कर्मचाऱ्यांच्या पोर्टलवर स्वतःची नोंद करायची वेळ आली तेव्हा त्याच्या फोनला रेंज नव्हती, म्हणून तीही त्याने बेबीताईंच्याच नंबरावर करून टाकली होती आणि विसरूनही गेला होता.

हे सगळं धम्मदीपला सांगायला हवं होतं. पण सरकारी खात्यात चौदा वर्षं काढलेल्या माणसाला प्रश्न विचारला की काम कसं होतं ते तो सांगत नाही. कसं व्हायला पाहिजे ते सांगतो. इंद्रभान खुर्चीत ताठ झाला आणि म्हणाला, "मोबाईल नंबर. परिपत्रक क्रमांक एकशे चार. एक व्यक्ती, एक मोबाईल."

"नक्की?"

"धम्मदीप, इथं मी चौदा वर्षांपासून आहो."

दारात उभ्या बेबीताई म्हणाल्या, "भाऊ, पन आपला थो नंबर तं..."

"बेबीताई, टेक्निकल बोलणं चालू आहे," इंद्रभान म्हणाला. "तुम्ही चहाचं पाहता का?"

बेबीताई चहाचं पाहायला गेल्या. धम्मदीपने दोन तासांत एक नंबर, एक माणूस, असा प्रोग्रॅम बसवून दिला आणि संध्याकाळच्या गाडीने पुण्याला गेला.

दुसरा दिवस मंगळवार. नऊ वाजता पहिल्या नंबरावर अर्थातच वच्छलाबाई. इंद्रभानने नंबर टाकला. पहिल्यांदाच आणायची म्हणून माहिती यायला वेळ लागला; यादीतून त्याने वच्छलाबाई निवडल्या, हिरवी टिकली आली, आजींना गोळ्या मिळाल्या. मग दुसरा पेशंट. नंबर टाकला, बटण दाबलं आणि आठ सेकंदांत हिरवी टिकली! इंद्रभानचा विश्वास बसेना. तिसरा पेशंट, आठ सेकंद. चौथा, आठ सेकंद. बारा वाजता रांगच उरली नव्हती. आवारात सकाळपासून शेंगदाणे विकायला बसणारा माणूस, आज काय सुट्टी आहे काय, असं विचारून गेला.

कोणी म्हणेल, टिकलीशेजारी नाव दिसतं, ते बघायला नको का? बघायला पाहिजे, हे मान्य. पण पडद्याच्या दुसऱ्या कोपऱ्यात सेकंद मोजणारं घड्याळ होतं आणि ज्याची नोकरी त्या घड्याळाला टांगलेली आहे तो माणूस नाव कशाला बघेल? इंद्रभान घड्याळ बघत होता आणि टिकलीवर टिकली चढत होती.

पुढचे तीन आठवडे इंद्रभान तायडे जमिनीवर नव्हता. सरासरी वीस मिनिटांवरून बारा सेकंदांवर आली. जिल्ह्यात पहिला नंबर. वरच्या ऑफिसातून मोठ्या साहेबांचा फोन आला, मग साहेब स्वतः आले. त्यांनी आठ सेकंद डोळ्यांनी पाहिले, "हे इनोव्हेशन आहे," असं म्हणाले आणि सोबतच्या माणसाला पेन ड्राइव्ह लावायला सांगितला. इंद्रभानचा प्रोग्रॅम, पोटात साठवलेल्या माहितीसकट, जसाच्या तसा उचलून त्यांनी नेला आणि आपल्या ऑफिसातही बसवला. इंद्रभानने त्या रात्री नारायणरावांना मुद्दाम हाक मारून बातमी सांगितली. नारायणराव म्हणाले, "म्हटलं नव्हतं? मिठाला वेळ लागतो, पण गुण येतो."

आणि मग एका सकाळी खराट्यांच्या अंगणात लाल दिव्याची गाडी येऊन थांबली.

शेषराव बाजेवर बसून तंबाखू मळत होते. गाडीतून एक नर्सबाई आणि एक तरुण डॉक्टर घाईघाईने उतरले. "आजोबा, वच्छलाबाई शेषराव खराटे इथेच राहतात? गरोदर माता?"

शेषरावांचा मळणारा अंगठा थांबला. त्यांनी दाराकडे पाहिलं, गाडीकडे पाहिलं. "वच्छलाबाई इथंच राह्यते," ते सावकाश म्हणाले. "बाकीचं मले कोनी सांगतलं नाई."

डॉक्टरने टॅब काढून वाचायला सुरुवात केली. वच्छलाबाई खराटे, वय एकाहत्तर. एकवीस दिवसांत सहाशे एक्केचाळीस वेळा केंद्रात तपासणी. कुत्रा चावला, सतरा वेळा. विंचू, पाच. याच महिन्यात प्रसूती चार, त्यांपैकी एक जुळी. पाचव्यांदा गरोदर, रक्त कमी. "शिवाय पुरुष नसबंदी दोन," डॉक्टर म्हणाला आणि त्याचा आवाज जरा खाली आला.

"दोन?" शेषराव म्हणाले. "अन् तरी?"

तोवर पिठाचे हात घेऊन वच्छलाबाई बाहेर आल्या. सगळं ऐकून बाई लाजतील, रडतील, निदान चिडतील, असं जमलेल्या शेजारणींना वाटलं होतं. वच्छलाबाईंनी सगळं शांतपणे ऐकलं आणि एकच प्रश्न विचारला.

"गाडी कुठी जाते?"

"जिल्ह्याच्या दवाखान्यात, आजी."

"तथी डोयाचा डॉक्टर बसते?"

"बसतात की."

"मंग थांबा. लुगडं बदलून येतो."

त्या गेल्या. ड्रायव्हरशेजारच्या सीटवर बसून गेल्या. जिल्ह्याच्या दवाखान्यात 'अतिजोखमीची माता' म्हणून त्यांना पुढे नेलं, तिथल्या बाई डॉक्टरांनी एक नजर टाकून डोक्याला हात लावला. पण एवढी तातडीची नोंद रिकाम्या हाती परत पाठवली तर जाब द्यावा लागतो. तेव्हा त्यांनी वच्छलाबाईंना डोळ्यांच्या विभागात पाठवलं. दोन वर्षं चक्रात फिरत असलेलं ऑपरेशन दोन दिवसांत झालं. आजी काळा चष्मा लावून गावात परतल्या तेव्हा अर्धं गाव बघायला आलं आणि उरलेलं अर्धं, बाळ कुठाय, असं विचारायला.

बोरसावळीच्या खिडकीत मात्र लाल दिव्याच्या गाडीची बातमी त्याच दिवशी पोचली होती. इंद्रभानने पहिल्यांदाच घड्याळ सोडून टिकलीशेजारचं नाव वाचलं. वच्छलाबाई खराटे. दुसरा नंबर, वच्छलाबाई खराटे. खाली खाली जावं तितक्या वच्छलाबाईच. त्याने लगेच पुण्याला फोन लावला.

धम्मदीपने सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाला, "काका, एका नंबराखाली किती माणसं होती?"

"तीनशे बारा असतीन."

"म्हणजे पेशंट कोणीही असो, दर वेळी तीनशे बारा माणसांचा सगळा इतिहास खाली यायचा. म्हणून तर तुम्हाला एकोणीस मिनिटं लागत होती! प्रत्येकाचा आपापला नंबर टाकला असता तर काहीही न बसवता वीस सेकंदांत काम झालं असतं. तेव्हाच काऊन नाही सांगितलं?"

 इंद्रभान एवढंच म्हणाला, "परिपत्रकात तसं नव्हतं."

फोन ठेवला तेव्हा बेबीताई समोर उभ्या होत्या. "भाऊ, मी थ्या दिवशी हेच सांगून राह्यली होती," त्या म्हणाल्या. "तुम्ही चहाले पाठवलं." आणि हातातली वही त्यांनी टेबलावर ठेवली. घरोघरी फिरून त्यांनी प्रत्येकाचा स्वतःचा, नाहीतर घरातल्या कोणाचा तरी नंबर लिहून आणला होता. इंद्रभानला लाज वाटली. चौदा वर्षांत पहिल्यांदा त्याने उठून बेबीताईंना खुर्ची दिली आणि चहा स्वतः आणला. चारच दिवसांत नोंदी नव्या नंबरांवर आल्या आणि केंद्रात खरा पेशंट खऱ्या नावाने पंधरा सेकंदांत दिसू लागला. कर्मचाऱ्यांच्या पोर्टलवर स्वतःचा नंबरही त्याच दमात बदलून घ्यावा, हे मात्र कोणालाच सुचलं नाही.

चौकशी समिती आली ती तीस तारखेला, आणि गंमत अशी की 'उत्कृष्ट केंद्र' म्हणून द्यायचं प्रमाणपत्रही त्याच गाडीतून आलं. साहेबांसमोर पेच होता. इंद्रभानला दोषी धरावं, तर ज्या इनोव्हेशनची पेन ड्राइव्हवर नक्कल करून त्यांनी आपल्या ऑफिसात बसवली होती, त्याचं काय? आंधळं दळत होतं आणि पीठ कोणी खाल्लं हे विचारायची कोणाचीच इच्छा नव्हती. दोन तासांच्या विचारविनिमयानंतर अहवाल झाला. सॉफ्टवेअर उत्तम. ऑपरेटर तत्पर. सदर रुग्ण महिला गरजेपेक्षा अधिक वेळा केंद्रात आल्याचे दिसून येते. त्यांना समज देण्यात यावी.

समज द्यायला कोणी गेलं नाही. शेषराव अंगणात बसलेले असत, आणि ते दोन नसबंद्यांचा हिशेब अजून विचारत होते.

एक एप्रिलला इंद्रभानने पोर्टल उघडलं. मुदतवाढीचे आदेश लागले होते. बोरसावळी केंद्र, डेटा एन्ट्री ऑपरेटर, अकरा महिने, मंजूर. त्याने सुटकेचा श्वास सोडला, आणि अर्धा सोडून पुन्हा आत घेतला. आदेशावरचं नाव होतं श्रीमती वच्छलाबाई शेषराव खराटे.

साहेबांच्या ऑफिसात बेबीताईंचा नंबर म्हणजे वच्छलाबाई, ही माहिती पेन ड्राइव्हमधून आलेली तशीच साठून होती, आणि इंद्रभानची कर्मचारी म्हणून नोंद त्याच नंबरावर होती. प्रोग्रॅमने आठ सेकंदांत माणूस ओळखला होता.

इंद्रभानने वर फोन केला. तिथला कारकून समजूतदार होता. "दुरुस्तीचा अर्ज ऑनलाइन करा. नव्वद कार्यालयीन दिवस लागतील," तो म्हणाला. "तोवर काम तुम्ही करा, हजेरी त्यांना लावू द्या. रोज दहाच्या आत, चेहरा दाखवून, केंद्रापासून शंभर मीटरच्या आत. सलग तीन दिवस हजेरी नाही, तर करार रद्द." पगार कोणाच्या नावे निघणार, हे विचारायचा धीर इंद्रभानला झाला नाही.

पहिल्या दिवशी, सरकारी एप्रिल फूल असेल, या आशेवर तो गेला नाही. दुसऱ्या दिवशी वच्छलाबाई डोळा दाखवायला जिल्ह्याला गेलेल्या. तिसऱ्या दिवशी दहाला बावीस मिनिटं कमी असताना इंद्रभान मोबाईल हातात धरून भिंतीला वळसा घालून खराट्यांच्या अंगणात शिरला. त्याचा सुटाबुटातला आवाज कधीच गळून पडला होता.

वच्छलाबाई खाटेवर धोतर पसरून कुरड्या घालत होत्या. काळा चष्मा आता गेला होता. समोर ओसरीच्या भिंतीवर घड्याळ लटकत होतं.

"आजी," इंद्रभान म्हणाला, "एक डाव याच्यात पाहता काय? दोनच मिनिटांचं काम हाय. नाई तं माही नोकरी जाते."

वच्छलाबाईंनी मान वर केली. नव्या डोळ्याने त्यांनी इंद्रभानला पायापासून डोक्यापर्यंत न्याहाळलं. इतकी वर्षं खिडकीपलीकडे त्यांना त्याचा नुसता आवाज आणि एक धूसर डोकं दिसत आलं होतं.

"सर्व्हर डाऊन हाय," त्या म्हणाल्या आणि सोऱ्या दाबला.

"आजी, दहाच्या आत लागते वो!"

"मले घड्याय दिसते आता," वच्छलाबाई म्हणाल्या. "बस तथी."

शेषराव बाजेवर जरा सरकले आणि त्यांनी इंद्रभानला जागा करून दिली. इंद्रभान बसला. पाच मिनिटं झाली, दहा झाली. त्याला पहाटेचा नळ दिसू लागला, बादली दिसू लागली, गॅलरीतले नारायणराव दिसू लागले. कुरडईमागून कुरडई धोतरावर पडत होती आणि त्यांपैकी एकीलाही घाई नव्हती. तेरा. पंधरा. "लागते एवढा टाइम," शेषराव तंबाखू पुढे करत म्हणाले. "आमी तं लय बसलो."

बरोबर एकोणिसाव्या मिनिटाला वच्छलाबाई उठल्या. त्यांनी हात धुतले, पदराने तोंड पुसलं, आणि मोबाईलने सांगितलं तशी दोनदा पापणी लवून दाखवली. हिरवी टिकली आली. दहाला दोन मिनिटं कमी होती.

इंद्रभान मोबाईल छातीशी धरून लगबगीने निघाला. तो फाटकापाशी पोचला तोच मागून आवाज आला.

"इंदरभान, उद्या जरा लवकर येजो, बापा. गर्दी राह्यते."